द्राक्षबागांमधून सातमाळ्याच्या पायथ्याशी : दिंडोरी-वणीच्या कच्च्या वाटांवर सायकल

रानवाट

नाशिकहून सायकल बाहेर काढली की बहुतेकांची चाकं त्र्यंबक रस्त्याकडे नाहीतर गंगापूर धरणाकडे वळतात. दोन्ही रस्ते सुंदर आहेत. पण शनिवार-रविवारी तिथे गाड्यांची रांग लागते आणि तिच्या कडेने जीव मुठीत धरून चालवावं लागतं. म्हणून गेली काही वर्षं मी उत्तरेला, दिंडोरी तालुक्यात जातोय. तेही डांबरी सोडून. पाटाच्या कडेचा मुरमाचा रस्ता, शिवारातली पाणंद, दोन वस्त्यांमधली गाडीवाट असं एकाला एक जोडत द्राक्षबागांतून थेट सातमाळा डोंगररांगेच्या पायथ्यापर्यंत जाता येतं. हल्ली रुंद टायरच्या, खाली वळलेल्या हँडलच्या ग्रॅव्हल सायकली आपल्याकडेही दिसायला लागल्या आहेत. त्या घेऊन जायचं कुठे, असं बरेच जण विचारतात, म्हणून हा धागा.

आधी थोडा भूगोल, कारण या वाटांचा स्वभाव त्यातून कळतो. दिंडोरीच्या पश्चिमेला सह्याद्रीची मुख्य रांग आणि उत्तरेला सातमाळा. मधल्या उताराचं पाणी कादवा आणि तिच्या उपनद्या गोळा करतात. त्यांच्यावर वाघाड, करंजवण, पुणेगाव, ओझरखेड, पालखेड अशी धरणं आहेत आणि धरणांमधून पाट निघालेत. पाट नेहमी समपातळीला धरून, टेकडीला वळसा घालत जातो. त्यामुळे त्याच्या कडेचा देखभालीचा रस्ता किलोमीटरच्या किलोमीटर जवळजवळ सपाट मिळतो. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला बाग. पाट सोडून डोंगराकडे वळलं की चढ सुरू होतो, काळी माती संपून मुरूम लागतो, बागा विरळ होतात आणि नागली-वरईची उतारावरची शेतं दिसायला लागतात.

माझी आवडती फेरी अशी : दिंडोरीतून पश्चिमेला वाघाडच्या बाजूला, तिथून उत्तरेकडे करंजवण, मग ओझरखेडच्या पाण्याजवळून वणी. वाघाडच्या लाभक्षेत्रातून जाताना एक गोष्ट जरूर आठवावी. पाणीवाटप शेतकऱ्यांनी स्वतःच्या हाती घेण्याचं महाराष्ट्रातलं मोठं काम इथे झालं. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये यांनी १९९०च्या आसपास पाटाच्या शेपटाकडच्या, म्हणजे पाणी कधीच न पोचणाऱ्या शेतकऱ्यांना एकत्र करून पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पुढे सगळं लाभक्षेत्र अशा संस्थांकडे गेलं. आज त्या पाटाच्या शेवटच्या टोकालाही द्राक्षबाग दिसते, ती अशी आलेली आहे.

वणीच्या अलीकडे उत्तरेला पाहिलं की सप्तशृंग, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या आणि दूरवर धोडपची शेंडी अशी सगळी रांग एका नजरेत मावते. दम असेल तर वणीहून नांदुरी आणि पुढे सप्तशृंगी गडाचा घाट. तो डांबरी आहे, पण चढ खरा आहे.

आता ज्याच्यासाठी धागा काढला ते सांगतो. इथे रस्ता नकाशावर ठरत नाही, बागेच्या वेळापत्रकावर ठरतो. जी पाणंद डिसेंबरात स्वर्ग वाटते, ती ऑक्टोबरात चालवण्याजोगी नसते आणि मार्चमध्ये तिथे आपण असूच नये. महिन्यांचा हिशेब बागायतदारांनीच सांगितला तर बरं. इथे कुणी आहेत का?

चाकोरी

वा, वाचनखूण साठवली. फोटो हवेत!

टायरबद्दल कुणी विचारायच्या आधीच लिहितो. या भागात ४० मिलिमीटरच्या खाली जाऊ नका. ३५ वर पाटाचा रस्ता होतो, पण पाणंदीत ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या वाळून कडक झालेल्या असतात. त्यात अरुंद टायर अडकला की हँडल हातात राहत नाही. हवा कमी ठेवायला शिका. साधारण सत्तर किलोचा माणूस, ४० चा ट्यूबलेस टायर असेल तर ३० ते ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) पुरते. डांबरी रस्त्याची सवय असलेले लोक ६० भरून येतात आणि दिवसभर मनगटं धरून बसतात.

ट्यूबलेस हवाच, कारण काटे. बाभूळ, वेडी बाभूळ, बोर आणि सगळ्यात वाईट म्हणजे सराटा. सराटा पावसाळ्यानंतर जमिनीलगत पसरतो, पिवळी फुलं येतात तेव्हा छान दिसतो, आणि नोव्हेंबरात त्याचे काटे वाळून रस्ताभर होतात. टायरमध्ये सीलंट (भोक आतून बुजवणारं द्रव) ताजं असलं की काटा तसाच राहू द्यायचा, उपटायचा नाही. घरी पोचल्यावर बघायचं. आपल्या उन्हाळ्यात सीलंट लवकर सुकतं, दोन-तीन महिन्यांनी टायर उघडून बघत जा.

द्राक्षबाग_मोहाडी

रानवाट दादा, तुम्ही हाक मारली म्हणून लिहितोय. मी सायकलवाला नाही. मोहाडीला बाग आहे, बागेतून जाणारे सायकलवाले रोज बघतो. राग नाही, कौतुकच वाटतं. पण तुम्ही म्हणता तसं वेळापत्रक माहीत असलं तर तुमचंही बरं आणि आमचंही.

आमचं वर्ष दोन छाटण्यांचं. एप्रिलमध्ये खरड छाटणी. त्यानंतर वेलीवर काडी तयार होते, म्हणजे पुढच्या मालाची सगळी तयारी उन्हाळ्यातच. मग पावसाळा संपता संपता, सप्टेंबरअखेरपासून ऑक्टोबरभर गोडी छाटणी. हिच्यावर माल येतो. दोन्ही छाटण्यांच्या वेळी काड्यांचे ढीग बांधावर, रस्त्याच्या कडेला पडलेले असतात. त्यातली काडी तुमच्या गिअरमध्ये जाते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. बांधावर तारेचे तुकडेही असतात, मांडवाचं काम चालू असलं की.

गोडी छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला पेस्ट लावतात. त्यात हायड्रोजन सायनामाइड असतं. ते विषारी आहे. हातमोजे, तोंडाला फडकं घालून माणसं काम करतात. त्या दिवसांत बागेच्या आत शिरून फोटो काढू नका, काडीला हात लावू नका. एवढं कळकळीनं सांगतो.

नंतर नोव्हेंबर-डिसेंबर फवारणीचे दिवस. ढगाळ हवा आली की डाऊनी म्हणजे केवडा रोगाची भीती, म्हणून ब्लोअर लावलेला ट्रॅक्टर पहाटे नाहीतर संध्याकाळी फिरतो. वारा पडलेला असतो तेव्हाच फवारणी नीट बसते, आणि नेमकी तीच वेळ तुमच्या सायकलींची. ट्रॅक्टर दिसला, ढगासारखा फवारा दिसला, तर थांबा. लांब थांबा. वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहा. चालक ओळ संपवून वळेपर्यंत तुम्हाला बघू शकत नाही आणि ब्लोअरच्या आवाजात तुमची घंटी ऐकू येत नाही.

फेब्रुवारी ते एप्रिल काढणी. तेव्हा पाणंदीतून पिकअप, आयशर, क्रेट भरलेले ट्रॅक्टर. रस्ता एकच गाडी जाईल एवढा. समोरून माल येत असेल तर तुम्ही उतरून बाजूला व्हा. भरलेली गाडी खड्ड्यात गेली तर मण्याला मार लागतो आणि निर्यातीचा माल लोकल होतो. भावातला फरक तुम्हाला सांगायला नको.

आणि घड तोडू नका. एक घड गेल्यानं आम्ही गरीब होत नाही. पण औषध मारल्यावर किती दिवस फळ तोडायचं नाही, याचा प्रत्येक औषधाचा हिशेब असतो. २०१० साली एका रसायनाचे अंश सापडले म्हणून युरोपनं आपली द्राक्षं अडवली होती आणि इथली कितीतरी घरं त्यात बुडाली. तेव्हापासून आम्ही औषधांच्या नोंदी जिवापाड जपतो. मागून घ्या, खायला देण्यासारखा माल असेल तर ओंजळभर नाही, पाटीभर देऊ.

रानवाट

@द्राक्षबाग_मोहाडी, मनापासून आभार. हाच प्रतिसाद धाग्याच्या वर लावायला हवा.

यात माझ्या बाजूची भर एवढीच : पाऊस थांबल्यानंतर ते छाटणी सुरू होण्याआधी, आणि मग डिसेंबर-जानेवारीत दिवस वर आल्यावर, हे दोन काळ इथे सर्वात चांगले. पहाटे साडेपाचला निघायचा हट्ट डिसेंबरात सोडून द्यावा. आठला सुरुवात केली तरी ऊन लागत नाही, आणि तोवर फवारणी आटोपलेली असते.

शेवंती

फार चांगली माहिती मिळते आहे. मी आणि मैत्रिणी करंजवणच्या बाजूला बऱ्याचदा जातो, त्यामुळे काही गोष्टी बायकांच्या बाजूने लिहिते. खरं तर त्या सगळ्यांनाच उपयोगी आहेत.

पाणी. दोन बाटल्या कमीच पडतात. आणि बागेतल्या ठिबकच्या नळीचं, टाकीचं पाणी पिऊ नका, कितीही स्वच्छ दिसलं तरी. ठिबकमधून खतं सोडलेली असतात, फवारणीच्या टाकीत तर काय असेल सांगता येत नाही. वस्तीवर जाऊन मागा. आम्हाला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. उलट मावशी चहाला बसवतात, कुठून आलात, एवढ्या लांब कशाला, घरी कोण आहे, सगळं विचारतात. घाईत असाल तरी दोन मिनिटं बसा. आपण त्यांच्या दारावरून जातो आहोत.

कुत्री. प्रत्येक वस्तीला असतात आणि राखणीचंच काम करतात. पळवून सुटका होत नाही, मुरमावर तर नाहीच. उतरायचं, सायकल मध्ये ठेवायची, शांतपणे चालत पुढे जायचं. वस्ती मागे पडली की ती आपोआप परत फिरतात.

बिबट्या. दिंडोरी-निफाडमध्ये ऊस आणि नदीकाठची झाडी आहे, तिथे बिबटे आहेत, ही अफवा नव्हे. अंधार पडायच्या आत डांबरी रस्त्याला लागावं. एकट्याने ऊसाच्या फडालगतची वाट संध्याकाळी धरू नये.

आणखी एक. छाटणीच्या आणि विरळणीच्या दिवसांत सकाळी पेठ, सुरगाण्याच्या बाजूने मजुरांच्या टोळ्या या गावांमध्ये येतात. बायका पाठीला तान्ही मुलं बांधून बागेत उभ्या असतात, दिवसभर हात वर करून. रंगीत कपड्यांमुळे दृश्य सुंदर दिसतं आणि लगेच मोबाईल निघतात. विचारल्याशिवाय फोटो काढू नका. आम्ही थांबून बोललो तेव्हा त्यांच्यातल्या कित्येकींनी सांगितलं की आपल्या गावाकडे पाणी उन्हाळ्यात विहिरीच्या तळाला जातं, म्हणून खाली यावं लागतं. धरणांच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या गावांची ही गत आहे. आपण सायकलवर चढून जातो ते डोंगर म्हणजे त्यांचं घर, हे तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

गोदाकाठ

+१ शेवंतीताई.

धाग्यात गंगापूरच्या बाजूचाही थोडा हिशेब हवा. सावरगाव, गिरणारे, धोंडेगाव हा पट्टा विसरू नका. तिथल्या बागा आणि दिंडोरी-निफाडच्या बागा यांत सायकलवरूनही फरक दिसतो. खायच्या द्राक्षाची बाग म्हणजे वाय आकाराचे अँगल किंवा सपाट मांडव, वेल डोक्याच्या वर, खाली गारवा आणि सावली. वाइनच्या द्राक्षाची बाग म्हणजे उभ्या तारा, कमरेपासून खांद्यापर्यंत हिरव्या भिंतींसारख्या ओळी, आणि टेकडीचा उतार त्या ओळींमधून जसाच्या तसा दिसतो. सावरगावला राजीव सामंतांनी सुला ही वायनरी सुरू केली, २००० साली पहिली वाइन बाजारात आली आणि २००१ मध्ये राज्य सरकारचं द्राक्षप्रक्रिया धोरण आलं. त्यानंतर शेनिन ब्लां, सोव्हिन्यों ब्लां, शिराझ ही नावं इथल्या शेतकऱ्यांच्या तोंडी रुळली. 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकनही मिळालं.

गिरणाऱ्याच्या पुढे काश्यपी धरणापर्यंतचा भाग मला सगळ्यात आवडतो. टोमॅटो, द्राक्ष, मग हळूहळू भात. काश्यपीच्या पलीकडे वाघेरा किल्ल्याच्या बाजूला गेलं की पाऊस किती वेगळा पडतो ते मातीवरून कळतं. नाशिक शहराच्या कितीतरी पट पाऊस त्र्यंबक-इगतपुरीला पडतो. त्यामुळे पश्चिमेकडची वाट तांबडी, धुतलेली, दगड वर आलेली. तिथे ४५ चा टायर सुद्धा जास्त वाटत नाही.

दोन सूचना. वायनरींचे आतले रस्ते खाजगी आहेत, फाटकावर विचारूनच आत जा. आणि चव घ्यायची ती फेरी संपवून, परतीची सोय करून. मुरमाच्या उतारावर अर्धा ग्लाससुद्धा जास्त होतो.

अंजनेरीच्या बाजूला जाणाऱ्यांनी वनखात्याचे नियम पाळा. अंजनेरी हे संवर्धन राखीव क्षेत्र आहे. 'सेरोपेजिया अंजनेरिका' ही कंदीलपुष्पाची जात याच डोंगरावरून २००६ मध्ये जगाला कळली, तिथे गिधाडं आहेत. गवताळ उतारावर नवी चाकोरी पाडायची नाही. जुनी बैलगाडीची वाट असेल तीच.

दूरदेशी

मी मूळची नाशिकरोडची, आता इटलीत फ्लॉरेन्सजवळ राहते. तुमचा धागा वाचून राहवलं नाही.

इथे किआन्ती भागात द्राक्षबागांच्या टेकड्यांमधून पांढऱ्या खडीचे रस्ते जातात. त्यांना स्त्रादे बियांके म्हणतात. एकेकाळी हे सगळे डांबरी होणार होते. तेव्हा जानकार्लो ब्रोच्ची नावाच्या गृहस्थांनी १९९७ साली गाइओले गावातून जुन्या सायकलींची एक फेरी काढली, लेरोइका. अजूनही तिथे १९८७च्या आधीच्या सायकलीच चालतात. गिअरचे दांडे फ्रेमवर, लोकरीचे जर्सी, वाटेत ब्रेड आणि वाइनचे थांबे. हेतू एकच होता : हे रस्ते राहावेत. २००७ पासून त्याच रस्त्यांवर व्यावसायिक शर्यत होते, ती सिएनाच्या पियाझ्झा देल काम्पोमध्ये संपते. आता २०९ किलोमीटरच्या मार्गावर बारमाही पाट्या आहेत. कधीही या आणि चालवा.

मी ते रस्ते चालवले आहेत. बारीक पांढरी धूळ, दोन्हीकडे सुरूची झाडं, चढ लहान पण एकामागून एक. मनापासून सांगते, वाघाडच्या पाटावरून दिसणारा सातमाळा त्याहून कमी नाही. आपल्याकडे असं का होऊ नये? नाशिकच्या कच्च्या वाटा सायकलींसाठी राखून ठेवा असं कुणी म्हटलं तर?

द्राक्षबाग_मोहाडी

ताई, तुमची तळमळ कळली. पण यावर मला स्पष्ट बोलावं लागेल.

आम्हाला डांबरी रस्ता हवाय. पाणंदीसाठी आम्ही वर्षानुवर्षं भांडतोय. कुठे बांधावरून शेजाऱ्याचा वाद, कुठे अतिक्रमण, कुठे तहसीलदारांकडे खेटे. २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली, तेव्हा गावोगाव आशा लागली. पावसाळ्यात मुलांना शाळेत न्यायचं, आजारी माणसाला गुडघाभर चिखलातून काढायचं, हे आम्ही केलेलं आहे. निर्यातीच्या मालाला मार लागू नये म्हणून टायरमधली हवा कमी करून पिकअप चालवतात इथले चालक, तुमच्यासारखीच. कच्ची वाट तुम्हाला आठवड्यातून एकदा लागते, आम्हाला रोज.

रानवाट

मोहाडीकर दादांशी मी पूर्ण सहमत आहे, आणि हे नुसतं मान ठेवायचा म्हणून म्हणत नाही.

किआन्तीशी तुलना करताना एक फरक पाहायला हवा. तिथल्या त्या टेकड्यांमधला रस्ता पर्यटनावर जगू शकतो. आपल्याकडे द्राक्षाची पाणंद ही मालवाहतुकीची वाट आहे. तिचं डांबरीकरण थांबवा असं म्हणायचा आपल्याला अधिकार नाही. एखादी आवडती पाणंद पुढच्या वर्षी काँक्रीटची झालेली दिसली तर वाईट वाटू द्यावं, पण त्या गावासाठी आनंदही व्हायला हवा.

मग ग्रॅव्हलवाल्यांनी जायचं कुठे? माझं उत्तर, पाट. पाटाचा कडेचा रस्ता हा वाहतुकीसाठी नाहीच, तो देखभालीसाठी आहे. तिथे मुरूमच पुरतो. सुरक्षित, सपाट, सावलीचा. अट एवढीच की पाटबंधारे खात्याचे आणि पाणीवापर संस्थांचे नियम पाळायचे, आवर्तन (पाटाला पाणी सोडण्याची पाळी) चालू असताना पाटकरी फिरत असतात त्यांच्या कामात आडवं यायचं नाही, पाटाच्या दारांना हात लावायचा नाही, धरणाच्या भिंतीवर जायचं नाही. सायकलस्वारांचा एखादा गट एखाद्या पाणीवापर संस्थेशी बोलून वर्षातून एकदा पाटाच्या कडेची वेडी बाभूळ काढायला, प्लास्टिक उचलायला गेला, तर त्या रस्त्यावर आपलं नातं तयार होईल. मी आणि आमच्या गटातले काही जण हे करायच्या तयारीत आहोत. लेरोइकाकडून घ्यायचं ते हे, की रस्त्याची काळजी आपण वाहायची.

दूरदेशी

पटलं. दादा, हे मी तुमच्या बाजूने कधी पाहिलंच नव्हतं. पाटाची कल्पना फार आवडली. सुट्टीत येईन तेव्हा बाभूळ काढायला मीही.

निफाडकर_२२

पाटाचा विषय निघाला म्हणून आमच्याकडचा सांगतो. पालखेडचा डावा कालवा निफाडवरून थेट येवल्याकडे जातो. पण मला त्याहून कादवेचा काठ आवडतो. वर करंजवणला जी कादवा तुम्ही पाहता, तीच खाली नांदूर मध्यमेश्वरला गोदावरीला मिळते. तिथला बंधारा ब्रिटिशांच्या काळातला. गाळ साचून पाणी उथळ झालं आणि पक्ष्यांचं राज्य झालं. २०२० साली महाराष्ट्रातली पहिली रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची) पाणथळ जागा म्हणून ते जाहीर झालं. डिसेंबर-जानेवारीत थापट्या, चक्रांग, तलवार बदकं, रोहित (फ्लेमिंगो) असतात. दोन दिवसांची फेरी करायची तर पहिला दिवस वणी-करंजवण, दुसरा दिवस नदी धरून पालखेड, निफाड, नांदूर मध्यमेश्वर. डोंगरातून निघून पक्ष्यांच्या पाण्यापाशी. यापेक्षा सुंदर दोन दिवस नाशिक जिल्ह्यात मला माहीत नाहीत.

थंडी मात्र गांभीर्याने घ्या. निफाडला कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा पाच अंशांच्या खाली उतरल्याच्या बातम्या तुम्ही दर हिवाळ्यात वाचता. त्या रात्री मणी तडकू नये म्हणून बागेला पाणी सोडतात, शेकोट्या पेटवतात. पहाटे सायकलवर बोटं बधिर होऊन ब्रेक दाबता येत नाही. पूर्ण बोटांचे हातमोजे घ्या.

चाकोरी

निफाडची काळी माती हा वेगळा विषय आहे. अवकाळीचा एक शिडकावा झाला तरी ती टायरला चिकटून फ्रेमपर्यंत भरते आणि चाक फिरायचं थांबतं. ढकलू नका, पेडल मारून जोर तर अजिबात लावू नका, चेन आणि मागचा डिरेल्युअर (गिअर बदलणारा भाग) तुटतो. सायकल खांद्यावर घ्या, काडीने माती खरवडा, जवळच्या डांबरीवर जा. दिंडोरीच्या पश्चिमेचा मुरूम मात्र पावसानंतर दुसऱ्या दिवशी चालवता येतो. आणि मोहाडीकर दादांनी काड्यांचं सांगितलं ते फार महत्त्वाचं आहे. डिरेल्युअर फ्रेमला जोडणारा हँगर प्रत्येक सायकलीचा वेगळा असतो आणि गावात मिळत नाही. एक जादा हँगर खोगिराखालच्या पिशवीत टाकून ठेवा.

टेकाडी

छान धागा. आपल्या शहराने सायकलला खूप दिलंय. २०१५ मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 'रेस अॅक्रॉस अमेरिका' जोडीने पूर्ण केली, २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुळनाथ यांनी एकट्याने. दरवर्षी नाशिक-पंढरपूर सायकलवारी निघते. हे सगळं डांबरीवरचं. कच्च्या वाटांवर असा विचार होतोय हे पाहून बरं वाटलं.

माझा प्रश्न : ग्रॅव्हल सायकल नाही, साधी हायब्रिड आहे, डिस्क ब्रेक आहेत, ३८ चे टायर बसतात. वाघाड-करंजवण जमेल का? आणि गडाचा घाट?

रानवाट

@टेकाडी, वाघाड-करंजवण नक्की जमेल. ३८ चे थोडे दाते असलेले टायर घाला, हवा ४० पीएसआयच्या आसपास ठेवा, ट्यूब असेल तर आत काटारोधक पट्टी टाका आणि दोन जादा ट्यूब बरोबर घ्या. महागडी सायकल असल्याशिवाय या वाटांवर येऊ नये असं मुळीच नाही. इथली शाळेची पोरं एका गिअरच्या सायकलवर हेच मुरमाचे रस्ते रोज पार करतात.

घाटासाठी मात्र गिअर बघा. पुढची सगळ्यात लहान आणि मागची सगळ्यात मोठी चकती दातांनी जवळपास सारखी असली तर बसून चढता येईल. नसेल तर पहिल्या वेळी नांदुरीच्या पायथ्याशी थांबा, गड एसटीने करा.

पहिल्या फेरीला दिंडोरी बसस्थानकाजवळून सुरुवात करा. तिथे नाश्ता मिळतो, हवा भरता येते. पुढे वणीपर्यंत सायकलचं दुकान मिळेल असं धरू नका. मोबाईलची रेंज वाघाडच्या वरच्या अंगाला जाते, नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि घरी मार्ग सांगून निघा. यायचं असेल तर निरोप करा, छाटणी सुरू व्हायच्या आत एक फेरी ठरवू.

टेकाडी

निरोप केला आहे. पट्टी आणि हँगर दोन्ही आजच बघतो.

द्राक्षबाग_मोहाडी

या रविवारी आलात तर मोहाडीवरून या. आमच्याकडे अजून छाटणी लागलेली नाही, रस्ता मोकळा आहे. फाट्यावर आलात की कुणालाही विचारा, बागेपर्यंत आणून सोडतील. चहा आमच्याकडं.